गेटवर अडवलं, पगार थकवला, राजीनामा मागितला: कायद्याची मदत घ्यायची तर सुरुवात कुठून?

सकाळच्या पाळीला तुम्ही गेटवर पोचता आणि कार्ड लागत नाही. सिक्युरिटीवाला नजर चुकवत म्हणतो, "एचआरला भेटा." एचआर म्हणतो, "दोन-चार दिवस घरी थांबा, आम्ही फोन करतो." तो फोन येत नाही. तुम्ही करता तेव्हा "साहेब मीटिंगमध्ये आहेत". असे तीन आठवडे जातात, मग गणपती येतात, मग दिवाळी. चाकण असो, रांजणगाव असो, वाळूज असो की नाशिकचं अंबड, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच.

आमच्या युनियनच्या कचेरीत येणारे बहुतेक जण या टप्प्यावर, म्हणजे सहा-आठ महिने उलटल्यावर येतात. त्यांची बाजू खरी असते, पण हातात एकही कागद नसतो आणि एखादी मुदत निघून गेलेली असते. म्हणून हा लेख वकिलापासून सुरू होत नाही. वकिलाकडे जायच्या आधीचे दहा-पंधरा दिवस तुम्ही कसे घालवता, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

आधी लिहा, मग बोला

तोंडी काढून टाकलेल्या माणसाच्या प्रकरणात कंपनीचा ठरलेला बचाव असतो: "आम्ही काढलंच नाही, तो स्वतःहून यायचा बंद झाला." हा बचाव मोडायचा तर तुम्ही कामावर यायला तयार होतात हे त्याच आठवड्यात कागदावर यायला हवं. त्याला वकिली भाषा लागत नाही. एका पानाचं साधं पत्र पुरतं:

"मी दि. __ पासून आपल्या कंपनीत ऑपरेटर म्हणून काम करीत आहे. दि. __ रोजी सकाळच्या पाळीस हजर झालो असता मला गेटवर अडवून कामावर घेण्यास नकार देण्यात आला. त्याबाबत कोणताही लेखी आदेश मला दिलेला नाही. मी राजीनामा दिलेला नाही. मी कामावर हजर होण्यास तयार होतो व आहे. तरी मला त्वरित कामावर घ्यावे व अडवलेल्या दिवसांचे वेतन द्यावे."

खाली तारीख, सही, टोकन नंबर. कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर आणि कारखान्याच्या पत्त्यावर असं दोन्हीकडे स्पीड पोस्टाने पाठवा, एचआरच्या ईमेलवरही टाका. पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा आणि दोन्हींचा फोटो काढा, कारण त्या पावतीवरची शाई वर्षभरात उडते. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा येऊन परत आलं तर ते फोडू नका. तसंच बंद ठेवा, तो तुमचाच पुरावा आहे.

उलट कंपनीकडूनच पत्र आलं की "आपण विनापरवाना गैरहजर आहात, तीन दिवसांत हजर व्हा", तर पत्र घेऊन गेटवर जा. शक्य असेल तर सोबत कोणाला तरी न्या. आत घेतलं तर उत्तमच. नाही घेतलं तर त्याच दिवशी दुसरं पत्र: "आपल्या पत्रानुसार आज हजर झालो, प्रवेश नाकारला." असली पत्रं घाबरून न उघडता कपाटात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पुढे कोर्टात तीच त्यांच्यावर उलटतात.

राजीनामा

हल्ली काढून टाकण्यापेक्षा राजीनामा लिहून घेण्याकडे कल जास्त. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत काचेच्या खोलीत बोलावून "आजच मेल टाका, नाहीतर रिलीव्हिंग लेटर खराब देऊ" म्हणतात, कारखान्यात छापील कागदावर अंगठा किंवा सही मागतात. मतलब एकच. राजीनामा दिला की नोकरी तुम्ही सोडली असं धरलं जातं आणि नुकसानभरपाईचा मुद्दाच मावळतो. सही करू नका. "मला वाचायला वेळ द्या, घरी विचारून सांगतो" एवढं म्हणून बाहेर या. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ती दबावाखाली घेतली असून राजीनामा मागे घेत आहे असं ईमेलने कळवा. चार महिन्यांनी "जबरदस्ती झाली होती" म्हणणाऱ्याला न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात, की तेव्हा का नाही बोललात?

"फुल अँड फायनल"च्या कागदाबाबतही सावध राहा. हिशोबाचे पैसे घ्यायला हरकत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण "आता माझे कोणतेही येणे बाकी नाही" या ओळीखाली सही करायची वेळ आलीच तर सहीशेजारी "हरकत राखून स्वीकारले" असं स्वतःच्या हाताने लिहा आणि कागदाचा फोटो काढा.

कागद

नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट (पगार जमा झाल्याच्या नोंदींसाठी), ओळखपत्र, ईएसआयसी कार्ड, पीएफचं पासबुक. नेमणूक पत्र कधी मिळालंच नाही असं निम्मे जण सांगतात. घाबरायचं कारण नाही. पीएफ पासबुकात दर महिन्याला कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते दिसतं, नोकरी सिद्ध करायला ते फार उपयोगी पडतं. कंपनीने खातं गोठवण्याआधी हजेरीच्या ॲपचे स्क्रीनशॉट घ्या. व्हॉट्सॲपवर सुपरवायझरने पाठवलेले पाळीचे मेसेज पुसू नका आणि तो फोनही विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देईल, मूळ फोन मात्र तुमच्याकडे हवा. एक पथ्य पाळा. कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या, दुसऱ्यांचे पगार असलं काही स्वतःला पाठवू नका. तुमच्यावरच चोरीचा आरोप ठेवायला ते पुरतं.

या सगळ्यासोबत वहीच्या एका पानावर तारखांची यादी करा. रुजू कधी झालो, कायम कधी, मेमो कधी, गेटवर कधी अडवलं, तेव्हा तिथे कोण होतं. भावना नकोत, तारखा हव्यात. वकिलाचा आणि तुमचाही अर्धा तास त्यात वाचतो.

तुम्ही कायद्याच्या भाषेत कोण आहात?

हा भाग किचकट आहे, पण इथे चूक झाली तर चुकीच्या दारात दोन वर्षं जातात.

औद्योगिक कायद्यात "कामगार" या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. हाताचं, तांत्रिक, कारकुनी काम करणारा कामगार. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारा कामगार नव्हे. देखरेखीचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा आहे, ती जुन्या कायद्यात १०,००० रुपये होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० झाली. पण व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला कोर्ट भुलत नाही, प्रत्यक्ष काम बघतं. "असिस्टंट मॅनेजर" म्हणवणारा माणूस दिवसभर बिलं टाइप करत असेल, त्याच्या हाताखाली कोणी नसेल, रजा मंजूर करायचा अधिकार नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. म्हणून रोज काय करत होता ते तपशिलात लिहून काढा.

खरोखरच मॅनेजर असाल तर नोकरी परत मिळवण्यासाठी कामगार न्यायालय तुमचं नाही. तुमचा आधार नेमणुकीचा करार, आणि वाट दिवाणी न्यायालयाची. थकलेल्या पगाराचं मात्र तसं नाही. पगाराचा नवा कायदा म्हणजे वेतन संहिता, तिच्यात मॅनेजरही येतात.

खासगी शाळेतल्या शिक्षकांनी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी तर वेगळंच दार ठोठवायचं असतं. १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे आणि तिथे अपील करायची मुदत फक्त ३० दिवस. संस्थाचालकांच्या घरी चकरा मारण्यात हे ३० दिवस कसे जातात ते कळतही नाही. राज्य सरकारी कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातात, कामगार आयुक्तांकडे नाही. औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे प्रतिनिधी, मात्र औद्योगिक कायद्यात येतात, हे अनेक एमआरनाच माहीत नसतं.

ठेकेदाराकडे असलात तर तक्रारीत ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांचीही नावं घाला. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ठेकेदार गाशा गुंडाळून जातो, कंपनी जागेवर असते.

मुदती, आणि त्या इतक्या गोंधळाच्या का

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायद्यासह जुने बरेच कायदे त्यात गेले. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. त्याखाली केलेल्या तक्रारीला कोर्टाच्या आवारात सगळे "यूएलपी" (अनफेअर लेबर प्रॅक्टिस, म्हणजेच अनुचित कामगार प्रथा) म्हणतात. तिची मुदत घटनेपासून ९० दिवस. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण "साहेब बघतो म्हणाले होते" हे सबळ कारण समजलं जाईलच असं नाही. यूएलपीचा मोठा फायदा म्हणजे अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश मागता येतो. बदली किंवा बडतर्फी डोक्यावर टांगलेली असताना त्याची किंमत कळते. गोव्यात हा कायदा नाही.

दुसरी वाट समेट अधिकाऱ्याची, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची. जुन्या कायद्यात कामावरून काढल्यावर थेट कामगार न्यायालयात जायला तीन वर्षं होती. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण घेऊच शकत नाही, आणि समेट फसल्याचा अहवाल हातात आल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

राज्याचा जुना कायदा आणि केंद्राची नवी संहिता यांच्यात तुमच्या प्रकरणाला कोणती वाट बरी, हे वकिलाने ठरवायचं. तुम्ही एवढंच करा, ९० दिवस हीच आपली मुदत असं धरून चाला. कॅलेंडरवर ऐंशीव्या दिवसाला गोल करा.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे मुदत तीन महिने, समितीला पटलं तर आणखी तीन. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. ती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.

पैशांचा हिशोब स्वतः करा

पगार. नोकरी गेली, सोडली किंवा सोडायला लावली, तरी राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असं वेतन संहिता म्हणते. "४५ दिवसांनी फुल अँड फायनल" हे कंपनीचं धोरण असेल, कायदा नाही. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि दावा ऐकणारा अधिकारी दहा पटीपर्यंत भरपाई लावू शकतो. दहा पट रोज कोणी लावत नाही, पण अधिकार आहे.

ग्रॅच्युइटी. पाच वर्षं सलग नोकरी हवी, ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना नव्या संहितेत एक वर्ष पुरतं. सूत्र असं: शेवटचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. समजा बेसिक आणि डीए मिळून १८,००० आणि नोकरी सहा वर्षं आठ महिने. वर्षं सात. रक्कम साधारण ७२,६९२ रुपये. हे पैसे ३० दिवसांत मिळायला हवेत, नाहीतर व्याजासह, आणि त्यासाठी ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या सरकारी प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. नोटीस पिरियड भरला नाही म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. राजीनामा देणाऱ्यालाही ती मिळते.

कपात, म्हणजे रिट्रेंचमेंट. "मंदी आहे, माणसं कमी करतोय" म्हणून काढलं आणि तुम्ही वर्षात २४० दिवस भरले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी. २४० दिवस भरू नयेत म्हणूनच तर सात महिन्यांनी "ब्रेक" देतात. ब्रेक देऊन पुन्हा त्याच मशीनवर घेतलं असेल, तर त्या सगळ्या वेळच्या स्लिपा जपून ठेवा. तो स्वतंत्र भांडणाचा विषय आहे.

पीएफ. पगारातून कापला आणि भरला नाही हा नुसता थकीत रकमेचा प्रश्न राहत नाही, फौजदारी गुन्हा होऊ शकतो. तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर करा. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाचा मेळावा जिल्ह्याजिल्ह्यांत भरतो, तिथे अधिकारी समोर भेटतो. कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी यूएएनमधून (तुमच्या पीएफ क्रमांकाच्या ऑनलाइन खात्यातून) ती तुम्हाला स्वतःलाही टाकता येते.

कामगार कार्यालयात काय घडतं

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन, बाकी जिल्ह्यांत सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो. तीन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिला न दिला सारखाच.

मग कंपनीला नोटीस जाते. पहिल्या तारखेला बहुधा कोणी येत नाही, दुसरीला एचआर येऊन वेळ मागतो. वैतागून जाऊ नका. समेट अधिकारी न्यायाधीश नसतो. कोण बरोबर ते तो ठरवत नाही, दोघांना समोर बसवून तोडगा काढतो. समेटाच्या कामात वकिलाला बाजू मांडता येत नाही, युनियनच्या पदाधिकाऱ्याला येते. कामगार न्यायालयातही औद्योगिक विवाद चालतो तेव्हा वकील उभा करायला समोरच्याची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागते. सहसा दोन्हीकडे वकील असतात म्हणून ती मिळून जाते. हे नियम पैसेवाल्या मालकापुढे गरीब कामगार उघडा पडू नये म्हणून केलेले आहेत, आणि म्हणूनच जुना, मुरलेला युनियनवाला कधीकधी वकिलाइतकाच कामाचा ठरतो. अर्थात युनियनही पारखून घ्या. मालकाच्या गाडीतून फिरणारे पुढारी आमच्याकडेही आहेत.

तडजोडीचा आकडा पुढे आला की वर केलेला हिशोब उघडा. ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार तुमचेच आहेत, ते तडजोडीचे पैसे नव्हेत. त्यांच्या वर किती देतात ते विचारा. ठरलं तर रक्कम बँकेतूनच घ्या. अनुभवाचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर कोणत्या तारखेला देणार हे त्याच कागदात लिहून घ्या.

वकील

नात्यातला वकील नको, तो जमिनीची कामं करत असेल तर अजिबातच नको. कामगार न्यायालयात रोज उभा राहणारा हवा. एखाद्या सकाळी कोर्टाच्या बाकावर जाऊन बसा आणि कामगारांची बाजू कोण मांडतंय ते पाहा. एकच वकील दिवसभर कंपन्यांकडूनच उभा असेल तर दुसरा शोधा.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा: माझ्या प्रकरणाला कोणता कायदा लागतो, मुदत कधी संपते, आणि फी किती व कोणत्या टप्प्याला. फीची पावती मागा. "मिळेल त्यातले तीस टक्के" असा सौदा वकिलाने करायचा नसतो, बार कौन्सिलचे नियम ते करू देत नाहीत. वकीलपत्रावर सही करताना कोरे कागद देऊ नका. जे काही दाखल होईल त्याची प्रत त्याच आठवड्यात घ्या.

फी परवडत नसेल तर मोफत वकील मिळतो, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार हा स्वतंत्र गट आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांच्यासारखाच. म्हणजे उत्पन्नाचा दाखला मिळवायला तहसील कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. नेमून दिलेला वकील ढिलाई करत असेल तर बदलून मागता येतो, तसा अर्ज तिथेच द्यायचा.

प्रकरण चालू असताना दुसरं काम धरलंत तर लपवू नका. पोट भरायला केलेल्या कामाने मूळ दावा बुडत नाही, पण मागील पगाराच्या मागणीवर परिणाम होतो आणि खोटं बोललात तर विश्वासच जातो. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की बेकायदा काढलं असेल तर मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. पण मधल्या काळात आपल्याला कमाई नव्हती किंवा कमी होती, हे कर्मचाऱ्याने आधी स्वतः सांगायला हवं. म्हणून या काळात कुठे अर्ज केले, काय मिळालं, काय नाकारलं, तेही त्या तारखांच्या वहीत उतरवत जा.

आणि प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहा, वकील "तुम्ही यायची गरज नाही" म्हणाला तरी. गैरहजेरीत प्रकरण निकाली निघालेलं महिनोन्‌महिने न कळलेली माणसं मला माहीत आहेत. निघण्याआधी शिरस्तेदाराकडून, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाकडून, पुढची तारीख विचारून वहीत लिहा, मग चहा प्यायला जा.